वाचकांचे प्रश्न : मण्यावर वीण बसत नाहीये

प्रश्न : ताई, नवरात्रासाठी चणियाचोळीची लटकणं करतेय. मंगळबाजारातून 25 मिमीचे लाकडी मणी आणले. त्यावर टर्क्स हेड गाठ (वेणीसारखी गोल फिरणारी वीण) आधी 3 पेड (रुंदीत शेजारी-शेजारी धावणाऱ्या दोऱ्या) 8 पाकळ्यांची (कडेला दोरी वळते ती वळणं) केली, तर वर-खाली लाकूड उघडं राहिलं. मग 6 पेड 4 पाकळ्या घेतल्या, तर दोरी अर्ध्यातच सुरुवातीच्या टोकाला येऊन मिळते. काय करू?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : तुमचे आकडे जमत नाहीयेत, बाकी सगळं ठीक आहे. 6 आणि 4 दोघांनाही 2 ने भाग जातो ना, म्हणून ती गाठ एका दोरीत पुरी होतच नाही, दोन दोऱ्या लागतात. 3 आणि 8 ला तसा एकत्र भाग जात नाही म्हणून पुरी झाली, पण ती वीण अरुंद पट्ट्यासारखी, बांगडीवर फार सुंदर दिसेल, गोळ्याला पुरणार नाही.

गोळा झाकायचा तर पेड आणि पाकळ्या जवळपास सारख्याच हव्यात, एकाचा फरक ठेवून. 5 पेड 4 पाकळ्या घ्या, लहान मण्यावर माझी सगळ्यात आवडती हीच. पाकळ्या वाढवायचा मोह नको, जास्त झाल्या की टोकाशी भोक मोठं राहतं.

मण्यापेक्षा जरा जाड कागदी नळी घ्या, दोन्ही कडांना चार-चार टाचण्या, वरची प्रत्येक टाचणी खालच्या दोन टाचण्यांच्या बरोब्बर मधोमध. 2 मिमीची सुती दोरी अडीच मीटर पुरते. रेशमी दिसणारी सटकते, पहिल्यांदा नकोच. एकदा वरून, एकदा खालून असं विणत गेलात की 16 ठिकाणी दोरी दोरीला ओलांडते, तेवढी मोजा आणि मगच टाचण्या काढून वीण मण्यावर चढवा, पाकळ्या भोकांभोवती येऊ देत. लटकवायची दोरी भोकातून आधीच ओवून ठेवा, नंतर फार जड जातं.

आता त्याच वाटेने, पहिल्या दोरीला चिकटून, अजून दोन फेऱ्या. मध्ये कुठेही बाजू बदलू नका, डावीकडून सुरू केलं तर शेवटपर्यंत डावीकडेच.

आवळताना मात्र घाई नको हं. टोक धरून ओढलंत तर एकच पाकळी आत जाते आणि बाकीच्या फुगतात. दाभणाने एका टोकापासून झोल थोडा थोडा पुढे सरकवत आणायचा, वाटेतली एकही ओलांड न सोडता, पूर्ण फेरी झाली की परत पहिल्यापासून, वीण मण्यावर हलेनाशी होईपर्यंत. मग दोन्ही टोकं विणीखाली सरकवून कापा.