इंजिन नॉक करतंय? आधी टायमिंग, मग कार्बोरेटर

प्रश्न : माझ्याकडे १९६९ ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. १७९८ सीसी इंजिन, दोन एसयू एचएस-४ कार्बोरेटर. चौथ्या गिअरमध्ये चढावर २,००० ते २,५०० आरपीएमला ॲक्सिलरेटर दाबला की टिणटिण आवाज येतो. प्लग पांढरे दिसतात. गॅरेजवाला म्हणतो, बिग एंड बेअरिंग गेलं, इंजिन उतरवू. उतरवावं का? (लेस्टर, ब्रिटन)

उत्तर : इतक्यात नको. बिग एंडचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगचा) आवाज जड, हातोडीने ठोकल्यासारखा असतो. गाडी उभी असताना इंजिनाचा वेग वाढवला तरी तो ऐकू येतो. इन्सुलेटेड पकडीने एकेक प्लगची वायर काढून पाहा. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाज दबतो, तिथलं बेअरिंग संशयित. सोबत गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर चालत्या गाडीत ५० पीएसआयच्या बरंच खाली राहत असेल, तर गॅरेजवाल्याचं ऐका. तुमचा आवाज पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आहे, फक्त लोड आल्यावर येतो आणि पाय थोडा उचलला की जातो. हे पिंकिंग, म्हणजेच नॉकिंग. प्लगने ठिणगी दिल्यावर ज्वाला पसरत असते. तिच्या पुढ्यात, कोपऱ्यात दाबलं गेलेलं मिश्रण उष्णतेने आपणहून एकदम पेटतं. त्याचा हा आवाज.

तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ८.८ ला १, आणि ते ९७ ऑक्टेनच्या (ऑक्टेन जास्त, तितकं नॉकिंग कमी) शिसेयुक्त ‘फोर स्टार’ पेट्रोलसाठी जुळवलेलं होतं. आज पंपावरचं साधं पेट्रोल ९५ चं असतं, म्हणून आधी एक टाकी सुपर (जास्त ऑक्टेनचं) भरून बघा. आवाज गेला तरी पुढची तपासणी टाळू नका. सुस्थितीतलं इंजिन आणि योग्य टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) असेल तर ९५ वर ठिणगी दोन-तीन अंश मागे, म्हणजे उशिरा, आणून ते चालतं.

क्रम महत्त्वाचा. टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि रॉकर यांतली फट) थंड इंजिनात ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. प्लग गॅप ०.०२५ इंच. पॉइंट गॅप (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांमधलं अंतर) ०.०१४ ते ०.०१६ इंच. पॉइंट गॅप बदलला की टायमिंग सरकतं, म्हणून टायमिंगला हात त्यानंतरच लावायचा. डिस्ट्रिब्युटरची (प्लगना पाळीने वीज वाटणाऱ्या भागाची) व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा. टायमिंग लाइटने ६०० आरपीएमला १४ अंश बीटीडीसी (पिस्टन सर्वात वर, म्हणजे टीडीसीला, पोहोचण्याआधी) यायला हवेत.

पण पुलीवरची खूण तरी खरी आहे का? क्रँक पुलीचं बाहेरचं कडं रबरावर बसवलेलं असतं आणि इतक्या वर्षांत ते सरकतं. मग लाइट १४ दाखवतो आणि प्रत्यक्षात २० असतात. एक नंबरचा प्लग काढून त्या भोकात पिस्टन स्टॉप बसवा, बाकीचे प्लगही काढा. क्रँक हाताने हळू फिरवून पिस्टन टेकेल तिथे पुलीवर खूण करा, मग उलट फिरवून दुसरी. दोन्हींचा मध्य हा खरा टीडीसी. हे न करता टायमिंग लावणं म्हणजे बंद घड्याळ पाहून गाडी पकडायला निघणं.

यानंतर ३,००० च्या पुढे इंजिन फिरवून बघा. नळी बंद असताना एकूण ॲडव्हान्स (टीडीसीच्या जितके अंश आधी ठिणगी पडते ते) ३४ अंशांच्या पुढे जाऊ नये. लुकास २५डी४ डिस्ट्रिब्युटरमधल्या जुन्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या की ॲडव्हान्स लवकर चढतो आणि नेमका २,००० ते २,५०० मध्ये आवाज येतो, जिथे तुम्हाला येतो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर व्हॅक्यूम जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे चढावरच्या नॉकिंगला व्हॅक्यूम युनिट जबाबदार नाही. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने आवाज येत असता तर आधी तेच पाहिलं असतं. टायमिंग मागे आणायला डिस्ट्रिब्युटरवरचा दातेरी नट ‘आर’ अक्षराकडे फिरवा. साधारण ११ क्लिक म्हणजे एक अंश.

पांढरे प्लग मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त; याच्या उलट ते रिच) असल्याचं सांगतात. ई१० पेट्रोलमधल्या १० टक्के इथेनॉलमुळे हवा-इंधनाचं आदर्श गुणोत्तर १४.७ वरून १४.१ च्या आसपास येतं, म्हणजे जुनं सेटिंग आपोआप जवळपास चार टक्के लीन होतं. पण जेटचा (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येतं त्या नळीचा) नट फिरवण्याआधी हवेची गळती शोधा : मॅनिफोल्ड गॅस्केट, झिजलेल्या थ्रॉटल स्पिंडलच्या बाजू आणि गाडीला ब्रेक सर्व्हो असेल तर त्याची नळी. आयडलिंगला कार्बोरेटर क्लीनरचा बारीक फवारा मारा (गरम एक्झॉस्ट सांभाळून). आवाज बदलला की गळती तिथेच. ती नसेल, आयडलिंग नीट असेल आणि फक्त चढावर लीन होत असेल तर नटाने भागणार नाही. लोडवरचं पेट्रोल नीडलचा (जेटमध्ये वरखाली होणाऱ्या निमुळत्या सुईचा) उतार ठरवतो. एक पायरी रिच नीडल बसवावी लागेल, दोन्हींमध्ये तीच.

प्रश्न : याच मॉडेलमध्ये १ आणि २ नंबरचे प्लग काळे, ३ आणि ४ चे बदामी. काय बिघडलं? (याच भागातून दुसरे वाचक)

उत्तर : पुढचा कार्बोरेटर मुख्यतः १-२ ला आणि मागचा ३-४ ला पेट्रोल देतो, त्यामुळे दोष पुढच्या कार्बोरेटरचा. बहुधा चोक बंद केल्यावर जेट पूर्ण वर जात नाही. बोटाने खालून वर ढकला. हलला तर केबल आणि जेट साफ करा. तसं नसेल तर फ्लोटच्या सुईखाली कचरा किंवा फुटका फ्लोट. तो कानाजवळ हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर बदला.

दुरुस्तीनंतर दोन्ही जेट ब्रिजच्या (कार्बोरेटरमध्ये जेटच्या तोंडाभोवतीच्या सपाट भागाच्या) पातळीला आणून नटाचे १२ पैलू, म्हणजे दोन फेरे, खाली घ्या. दोन्ही स्पिंडलमधल्या क्लॅम्प ढिल्या करा, रबरी नळी कानाला लावून दोन्ही तोंडांचा ‘सुस्स’ आवाज सारखा करा, मग क्लॅम्प आवळा. आता पिन दाबून कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचला. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर रिच, नट एक पैलू वर. लगेच पडला तर लीन, एक पैलू खाली. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला की बरोबर. एका वेळी एकच पैलू. घाईत दोन-तीन फिरवले की आपण कुठे होतो तेच हरवतं. कार्बोरेटरच्या डॅम्परमध्ये (पिस्टनची हालचाल मंदावणाऱ्या भागात) एसएई २० ऑइल हवं. ते कमी असलं तर ॲक्सिलरेटर अचानक दाबल्यावर इंजिन गचकतं आणि लोक विनाकारण मिक्श्चर रिच करत बसतात.

प्रश्न : पुण्यात एमजी मिजेट १२७५ आहे. ई२० भरल्यापासून किल्ली बंद केली तरी इंजिन काही सेकंद धडधडत राहतं. हे नॉकिंगच का?

उत्तर : नाही, हे रन-ऑन. ठिणगी नसतानाही तापलेला कार्बन किंवा जास्त गरम प्लग मिश्रण पेटवतो. ई२० चं गुणोत्तर १३.५ च्या आसपास, म्हणजे मिक्श्चर तुमच्यासाठी बरंच लीन झालंय. आधी दोन्ही जेट सारखे, एकेक पैलू करत रिच करा, मग आयडलिंग ८०० च्या वर नाही ना ते पाहा. तोवर बंद करताना चौथा गिअर टाकून ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडा. इंजिन गप्प बसेल. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे जुने रबरी पाइपही बदलून इथेनॉल सहन करणारे बसवा. ते आतून सुटून फ्लोटच्या सुईत अडकले, तर वरच्या वाचकांचा प्रश्न तुमचा होईल.