क्रिस्टल मण्यांचं ब्रेसलेट सारखं तुटतं, दोरा कुठला वापरू?

दोऱ्याइतकाच दोष क्रिस्टलचाही आहे. ४ मिमीचा दोन्ही टोकांना निमुळता क्रिस्टल घ्या आणि भोकाच्या कडेवरून नख फिरवून बघा, कड बोचते. हात हलला की ती दोऱ्यावर घासत राहते आणि साधा नायलॉन हळूहळू कापला जातो. माझं पहिलं ब्रेसलेट असंच ऐन लग्नात तुटलं, मणी पार पंगतीपर्यंत घरंगळले. फार वाईट वाटलं होतं.

तेव्हापासून मी प्रत्येक क्रिस्टलच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक काचेचा मणी ओवते. ११ नंबरचा, म्हणजे साधारण २ मिमीचा (नंबर वाढतो तसा मणी बारीक होतो, १५ नंबर त्याहून लहान). त्यामुळे क्रिस्टल एकमेकांवर आपटून टवके उडत नाहीत आणि दोऱ्याला कडेवर तीव्र वळण बसत नाही.

सरळ ओवायचं असेल तर गिअर वायर (प्लास्टिकचा थर असलेली बारीक स्टीलची तार) घ्या, टोकं गिअर लॉकने (दाबून बसवायच्या छोट्या धातूच्या मण्याने) दाबा. सुईने विणायचं असेल तर मासेमारीचा वेणीसारखा विणलेला दोरा उत्तम. आणि ओवताना दोरा करकचून ताणू नका, मनगटाला वळायला किंचित ढील हवीच.