पळायला जाताना बूट जिन्यात का घालायचे?

ताई, मी 47 वर्षांची, साताऱ्यात राहते, शाळेत शिकवते. यवतेश्वरच्या घाटात आधी चालायला जायचे, मग हळूहळू पळू लागले. सातारा हिल मॅरेथॉनचे 21 किलोमीटर दोनदा पूर्ण केले. आता जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन पळायची आहे, नाव नोंदवून झालंय. नवरा म्हणतो, ‘हे काय वय आहे का? आणि त्यात पोराची दहावी!’ सासूबाईंना सकाळी इन्सुलिन मीच देते. रविवारी साडेतीनला उठून पोळी-भाजी करते, मग निघते. कुणाची झोपमोड नको म्हणून बूट जिन्यात घालते. पळताना फार बरं वाटतं, घरी येताना मात्र अपराधी वाटतं. या वर्षी राहू देऊ का?
– साताऱ्याची एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

राहू देऊ नका. पळा. तुम्ही मला विचारलंत खरं, पण नाव नोंदवलंत त्या दिवशीच तुमचं ठरलं होतं, आणि ते योग्यच ठरलं.

मला काळजी वाटते ती साडेतीनला उठून लाटलेल्या पोळ्यांची. दोनदा 21 झाले म्हणून 42 झेपतील असं होत नाही. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास स्नायूंतला साखरेचा साठा संपत येतो, पाय जड होतात, आणि तिथून पुढे चार महिन्यांचा सराव आणि झोप उपयोगी पडते. हो, झोपसुद्धा. पळताना स्नायूंची झीज होते आणि ती भरून येते झोपेत. सत्तेचाळिशीत त्याला पंचविशीपेक्षा जास्त वेळ लागतो. रात्री अकराला ओटा आवरायचा, साडेतीनला कणीक मळायची आणि पाचला 25 किलोमीटरला निघायचं, असं दर रविवारी केलंत तर नोव्हेंबरात गुडघा नाहीतर पोटरी धरून बसाल. मग घरातले म्हणतील, ‘आम्ही सांगतच होतो.’

म्हणून रविवारचा स्वयंपाक सोडून द्या. ‘जरा मदत करा’ असं म्हणू नका, पूर्ण सोडा. घरात काय शिजेल ते नवऱ्यानं ठरवावं. पोहे होतील, बाहेरून इडली येईल, एखादा रविवार ब्रेडवर निघेल. शनिवारी रात्री कांदा चिरून ठेवायचा नाही आणि परत आल्यावर ओट्याकडे बघून तोंड वाकडं करायचं नाही. हे दुसरं जास्त अवघड आहे, मला माहीत आहे.

इन्सुलिनचं मात्र वेगळं. ते वेळेवर आणि बरोबर मात्रेत जायलाच हवं. पुढचा आठवडाभर तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि इंजेक्शन नवऱ्याला देऊ द्या: किती युनिट, पोटावरची जागा रोज कशी बदलायची, त्यानंतर न्याहारी किती वेळात, साखर फार उतरली तर काय द्यायचं. आठवड्यात हात बसेल. ती त्यांची आई आहे, आणि उद्या तुम्हाला ताप आला तरी घरात दुसऱ्या कुणाला हे यायलाच हवं.

आता दहावी. कॅलेंडर काढा आणि नवऱ्यासमोर ठेवा. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तुमचं सगळ्यात लांबचं पळणं, 30 ते 32 किलोमीटरचं, साधारण तीन आठवडे आधी, म्हणजे डिसेंबर संपता संपता होईल. तिथून पुढे पळणं कमी करत आणायचं असतं. म्हणजे पूर्वपरीक्षेच्या दिवसांत तुमचा भार उतरलेला असेल आणि बोर्डाच्या पेपरांना तुम्ही पूर्ण मोकळ्या असाल. खरी ओढाताण नोव्हेंबर-डिसेंबरची आहे, तेवढीच घरी स्पष्ट सांगा. हेही सांगा, की लांब पळून आल्यावर दुपारी दोन तास तुम्ही झोपणार आहात. ते लपवलंत तर चिडचीड होईल. आणि मुलाला एकदा विचारा तरी! पंधरा वर्षांचा मुलगा रविवारी पहाटे पाच ते नऊ गाढ झोपलेला असतो. आई त्या वेळात कुठे असते याचा त्याच्या गणिताशी काय संबंध, ते त्यालाच सांगू दे.

वयाचं म्हणाल तर बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली तीच 1984 साली, तुम्ही पहिली-दुसरीत असाल तेव्हा. त्याआधी हे अंतर बाईला झेपणार नाही असं मानणारे पुष्कळ होते. पुढे तीनच वर्षांनी, 1987 मध्ये, न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकणारी प्रिसिला वेल्श 42 वर्षांची होती. तुम्हाला जिंकायचं नाहीये, पूर्ण करायचं आहे. तरीही ‘हे काय वय आहे का’ यामागे नवऱ्याची भीती असू शकते, आणि ती वाद घालून जाणार नाही. त्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, ईसीजी, डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. या वयात पाळी अनियमित होते, काहींना रक्तस्राव जास्त होतो, आणि लोह कमी असेल तर कितीही सराव केला तरी दम लागतो. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबायचं, हे नवऱ्यासमोर कबूल करा.

आठवड्यातून चार दिवस पुरेत. दोन दिवस तासाभराचं हलकं पळणं, एक दिवस मांड्या-कंबरेचे व्यायाम, आणि रविवार. रविवारचा वेग असा, की सोबतच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. अंतर हळूहळू वाढवा, दर चौथ्या आठवड्याला कमी करा. घाट चढणाऱ्या बाईला मुंबईच्या मॅरेथॉनमधला पेडर रोडचा चढ मोठा नाही, पण तो परतीच्या वाटेवर, पाय संपल्यावर येतो. त्याहून त्रास होईल तो दमटपणाचा. साताऱ्याच्या थंडीतून मुंबईत गेलात की घाम वाळतच नाही. तेव्हा काही रविवारी मुद्दाम उशिरा निघून उन्हात संपवा, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पिण्याची सवय आत्तापासून लावा. नुसतं साधं पाणी ढसाढसा प्यायलं तर रक्तातलं मीठ धोकादायक पातळीला उतरू शकतं. दुखतंय म्हणून पळताना वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, मूत्रपिंडावर ताण येतो.

आणि बूट दिवाणखान्यात, दिवा लावून घाला. तुम्ही चोरी करत नाही आहात. तुम्ही लपूनछपून जाता, म्हणून घरच्यांनाही ते लपवण्यासारखं काहीतरी वाटतं. मुलगा बघतोय, तोही यातून शिकतोय.

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 12 च्या खाली निघालं तर आधी डॉक्टरांच्या औषधानं ते भरून काढा, तोवर किलोमीटर वाढवू नका. डिसेंबरपर्यंत भरलं नाही, तर या वर्षीच्या नोंदणीवर पाणी सोडा आणि पुढच्या जानेवारीत पळा. थांबायचं झालंच तर त्या कारणासाठी थांबा, पोळ्यांसाठी नको.

तुमची,
ताई