‘पहिल्यापासून वाच’ म्हणणं आधी बंद करा

ताई,

मुलगा सातवीत. मोठ्याने वाचताना अडखळतो, म्हणून त्याचे पप्पा रोज रात्री एकच धडा दहा वेळा वाचून घेतात. पाचव्या वेळी बरं वाचतो, सकाळी वर्गात पुन्हा तेच. मग पप्पा म्हणतात, ‘नाटकं करतो.’ सासूबाई घरातल्या अहिराणी बोलीला दोष देतात. अमळनेरहून आलेल्या तुमच्या दोन पानी पत्रात एवढं सगळं आहे. माझी नजर अडकली ती कंसातल्या ओळीवर: ‘(अडकला की हे ओळ पहिल्यापासून वाचायला लावतात.)’

घोटाळा तिथेच आहे! तोतरेपणा वाक्याच्या सुरुवातीला, लांब शब्दांवर आणि शब्दारंभीच्या व्यंजनावर जास्त होतो. पोरगं ‘स्वातंत्र्यसैनिक’मधल्या ‘स्वा’शी झटत असतं, आता सुटणार, तेवढ्यात त्याला मागे ओढून पुन्हा वाक्याच्या तोंडाशी उभं करता. अवघड शब्द पार करायचा सराव राहिला बाजूला, अडखळायची जागा तेवढी दुप्पट झाली.

आणि नाटक तर मुळीच नाही. तोच उतारा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचला की अडखळणं कमी होतं, हे 1930च्या दशकापासून मोजलेलं आहे. मोठी घट पहिल्या दोन-तीन वाचनांत. पाचव्यापर्यंत साधारण निम्मं. पुढची पाच वाचनं म्हणजे नुसता घसा कोरडा. जीभ, ओठ आणि आवाजाला त्या शब्दांची वाट सरावाची होते, म्हणून मनातल्या मनात वाचून तेवढा फरक पडत नाही. पण हा सराव त्या उताऱ्यापुरताच, आणि रात्रीत बराचसा उतरतो. (सासूबाईंना सांगा, अहिराणीचा यात काही दोष नाही. आजीशी खुशाल बोलू द्या.)

‘मी भाकरी थापता थापता ऐकत असते,’ असं लिहिता. नुसतं ऐकणं आता पुरे झालं. आज भाकरी आधी उरका आणि त्याच्या शेजारी बसून तोच धडा त्याच्याबरोबर एका सुरात वाचा. असं वाचताना बहुतेकांचं अडखळणं जवळजवळ थांबतं. अडकलाच, तर तुम्ही थांबू नका, मागेही जाऊ नका. पुढच्या शब्दावर तो येऊन मिळेल. दोनदा असं, तिसऱ्यांदा तुमचा आवाज हळू, चौथ्यांदा तो एकटा. तेव्हा शब्द पुरवू नका, ‘सावकाश’ म्हणू नका. अडकला तिथूनच पुढे जाऊ द्या. मग पुस्तक बंद.

याने तोतरेपणा बरा होणार नाही. त्यासाठी वाचा-उपचार तज्ज्ञाकडे न्यायलाच हवं. पप्पांना रोज समोर बसायचंच असेल, तर हातात पेन्सिल द्या. चौथ्या वाचनातही जे शब्द अडतात, त्यांच्याखाली गुपचूप रेघ मारायची. आठवड्यात तेच ते शब्द पुन्हा दिसू लागतील. ते पुस्तक तज्ज्ञाला दाखवा.