जुनी लाकडी होडी दुरुस्तीला घेताय? सुरुवात इथून करा

रंग-पॉलिश सध्या विसरा. आधी टोच्या घ्या आणि फळ्या, फासळ्या (फळ्यांना आतून आधार देणारी वाकडी लाकडं), सांधे टोचत फिरा. टोक लोण्यात शिरावं तसं आत गेलं, की लाकूड कुजलंय. वरचा रंग कितीही चकचकीत असो.

मग पाणी कुठून येतं ते शोधा. दोष बहुधा समुद्राचा नसतो, डेकच्या (होडीच्या वरच्या तळाच्या) फटींतून झिरपणाऱ्या पावसाचा असतो. गळती थांबवून लाकडातला ओलावा २० टक्क्यांखाली आणा, तेवढ्या ओलाव्यात लाकूड कुजवणारी बुरशी वाढत नाही.

नवखे हमखास करतात त्या चुका:

- ओल्या, कुजक्या लाकडावर इपॉक्सी (घट्ट होऊन कडक बनणारा राळेसारखा गोंद) ओतणं. ओल आतच कोंडते.
- सगळ्या फळ्या एकदम उचकटणं. होडीचा आकारच बिघडतो. खालून भक्कम टेकू देऊन एकेक बदला.

कापताना हात आखडू नका, निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा. जोडांचे प्रकार नंतर बघू.