पहिल्यांदा सुशी रोल करताय? मग आधी भाताकडे बघा

यूट्यूबवरचे ते भात बाहेर असलेले उलटे रोल सध्या सोडून द्या. होसोमाकीपासून सुरू करा, म्हणजे नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागदासारखा पातळ पापुद्रा) अर्धी शीट आणि आत एकच गोष्ट, काकडी घातली की झाली काप्पामाकी.

खरं काम भाताचं आहे हो, गुंडाळणं नंतर. बासमती नकोच, मोकळा होतो आणि कापताना सगळा सांडतो. जपानी आखूड दाण्याचा तांदूळ मिळाला तर उत्तम, नाहीतर आपला इंद्रायणी घ्या (चव तीच नाही येत पण चिकटतो छान). पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा. २ कप तांदळाला साधारण ४ टेबलस्पून राइस व्हिनेगर, २ टेबलस्पून साखर, १ टीस्पून मीठ, हे भात गरम असतानाच घाला आणि उलथन्याने कापल्यासारखं मिसळा, खसाखसा ढवळलंत तर लगदा होणार. कोमट झाला की वापरा, फ्रिजमध्ये ठेवला तर दाणा कडक होतो.

नोरीची चकचकीत बाजू खाली. भात पातळच पसरा, मधूनमधून काळं दिसलं तरी चालेल, आणि पलीकडची एक सेंटीमीटर पट्टी रिकामी सोडा, नवीन लोक नेमका इथेच हावरटपणा करतात आणि मग रोल बंदच होत नाही. हाताला व्हिनेगरचं पाणी लावत राहा, सुरी दर कापाला ओल्या फडक्याने पुसा.

कच्चा मासा मात्र बाजारातून आणून डायरेक्ट घालू नका, कितीही ताजा असला तरी त्यात जंत असू शकतात. उकडलेली कोळंबी घाला, मस्त लागते.