गिऱ्हाइकाचं रील आणि हॉटेलची जाहिरात

प्रश्न : कोल्हापुरात आमचं मिसळीचं हॉटेल आहे, आठ टेबलांचं. एक एजन्सी म्हणते, आमची मुलं गिऱ्हाईक बनून येतील आणि ‘सहज जाता जाता सापडलं’ अशा धाटणीची दहा रील्स करून देतील. करून घ्यावीत का?

उत्तर : धाटणीला हरकत नाही, गिऱ्हाइकाचं सोंग मात्र नको. पैसे, फुकट खाणं किंवा सवलत घेऊन केलेली शिफारस ही जाहिरातच असते आणि तसं रीलवर लिहावं लागतं. भारतीय जाहिरात मानक परिषदेचे याबाबतचे नियम २०२१ पासून आहेत. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओवर ‘जाहिरात’ हा शब्द किमान ३ सेकंद, त्याहून मोठ्या, दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओवर एक तृतीयांश वेळ दिसला पाहिजे. म्हणजे ३० सेकंदांच्या रीलवर १० सेकंद. कॅप्शनच्या शेवटी हॅशटॅगांच्या गर्दीत टाकलेला शब्द चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शिवाय अशी रील्स ओळखू येतात. तेच टेबल, पहिल्या घासाला तेच मिटलेले डोळे. गावातलं रोजचं गिऱ्हाईक खाली कमेंटमध्ये ते लिहून मोकळं होतं आणि मग खरं कौतुकही संशयात सापडतं. त्यापेक्षा त्या पैशांत हॉटेलातले दिवे बदला, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकांचेच फोटो चांगले येतील.

प्रश्न : लोक फोटो काढतात, पण मिसळ काळपट दिसते. बरेचजण टाकतही नाहीत.

उत्तर : दोष बहुधा डोक्यावरच्या दिव्याचा आहे. वरून उजेड पडला की फोनची सावली वाटीत पडते आणि कटावरच्या तेलावर पांढरा डाग चमकतो. स्वस्त एलईडीत लाल रंग नीट उमटत नाही, म्हणून लालभडक कट तपकिरी दिसतो. ४००० केल्विनचे, ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयचे दिवे घ्या (सीआरआय म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, खोक्यावर आकडा असतो), दुधी झाकणाचे, आणि भिंतीवर बाजूने लावा. दिवसा खिडकीजवळची दोन टेबलं पुरतात. टेबलाचा सनमायका चकचकीत नको, मॅट हवा. वाफ दिसायला मागून उजेड आणि पलीकडे गडद भिंत लागते, पांढऱ्या भिंतीपुढे ती विरून जाते.

दुसरं, गिऱ्हाइकाच्या हाताला काम द्या. कट वेगळा, छोट्या किटलीत आणा. फरसाणावर तो ओतताना होणारा आवाज, कडेने वर चढणारी लाल तर्री, तरंगायला लागलेली शेव हे पाच-सहा सेकंद कोणीही न सांगता चित्रित करतं. कट गरमागरम हवा. कोमट असेल तर वाफ दिसत नाही. फरसाणही मऊ पडायच्या आत शूटिंग उरकतं.

इन्स्टाग्रामवरचं नाव लिहिलेलं कार्ड बिलाबरोबर देऊ नका, तोवर फोन खिशात गेलेला असतो. पाण्याच्या ग्लासांबरोबरच ते टेबलावर यावं. पाटी, कार्ड आणि गूगल मॅप, तिन्हीकडे स्पेलिंग एकच ठेवा, नाहीतर टॅग भलत्याच हॉटेलला जातो.

प्रश्न : एका ताईंचं रील आम्ही त्यांचं नाव देऊन पेजवर टाकलं, तर त्या रागावल्या. चुकलं काय?

उत्तर : परवानगी घेतली नाहीत. ज्याने चित्रित केलं त्याचा कॉपीराइट. नाव दिल्याने तो तुमचा होत नाही. तुम्हाला मेन्शन केलेली स्टोरी तिथल्याच बटणाने आपल्या स्टोरीत घेता येते, २४ तासांत ती जाते. पेजवर ठेवायचं असेल तर आधी मेसेज करा : ‘ताई, तुमचं रील आवडलं. आमच्या पेजवर आणि जाहिरातीत सहा महिने वापरू का? तुमचं नाव देऊ.’ पेज, पैसे भरून केलेली जाहिरात आणि दारातला फ्लेक्स या तिन्हींपैकी जिथे जिथे वापरायचं त्याचा वेगळा उल्लेख करा आणि आलेल्या होकाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. मागच्या टेबलावरची माणसं, विशेषतः मुलं, दिसत असतील तर तो भाग कापा.

गाण्याकडेही लक्ष द्या. गिऱ्हाइकाने स्वतःच्या खात्यावर लावलेलं सिनेमातलं गाणं तुम्हाला जाहिरातीत वापरता येत नाही. गाणं न लावलेली मूळ फाइल मागून घ्या, कट ओतल्याचा आवाज त्यात असतोच.

आणि ‘गूगलवर रिव्ह्यू टाका, ताक फुकट’ ही पाटी लावली असेल तर आजच काढा. रिव्ह्यूच्या बदल्यात काही देणं गूगलच्या नियमांत बसत नाही, असे रिव्ह्यू काढून टाकले जातात. ताक द्यायचंच असेल तर सगळ्यांना द्या.